शौकत आपा : रंग, रंगमंच आणि घर

गुलमंडीला लागूनच रंगार गल्ली आहे. कधीकाळी इथे कापड रंगवणाऱ्यांची वस्ती होती, हे नावच सांगते. गुलमंडी म्हणजे फुलांचा बाजार. फुलांच्या आणि रंगांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागात आज साड्या, ड्रेस मटेरियल, बांगड्या, भांडी आणि मिठाईची दुकाने दाटीने उभी आहेत. रमजानचा शेवटचा आठवडा असो की दिवाळी, पाय ठेवायला जागा नसते. आमच्या घरांतल्या दादी-नानी या बाजारात नुसत्या खरेदीला येत नसत. कुठल्या दुपट्ट्याला कुठली किनार शोभेल, निकाहच्या जोड्यावर गोटा किती रुंद हवा, बांगड्यांचा हिरवा रंग नेमका कोणता, यावर त्या दुकानदाराशी अर्धा-अर्धा तास बोलत. त्याला आम्ही कधी कला म्हटले नाही. 'अम्मीला हौस आहे' एवढेच म्हटले आणि विषय संपवला.

याच शहरात वाढलेल्या एका मुलीने ही हौस आयुष्यभर जपली. तिच्यावर संसार उभा केला, मुलांना पोसले, रंगमंच आणि पडदा गाजवला आणि म्हातारपणी ते सगळे स्वतःच्या शब्दांत लिहूनही ठेवले. त्या म्हणजे शौकत कैफी. 22 नोव्हेंबर 2019 रोजी मुंबईत, जुहूच्या आपल्या घरी, त्यांचा इन्तिकाल झाला. तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडलेली होती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी अशी छापून आली : शायर कैफी आझमी यांच्या पत्नी, शबाना आझमी यांच्या आई, जावेद अख्तर यांच्या सासूबाई. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तिन्हींत शौकत आपा स्वतः कुठे आहेत, हे शोधावे लागते. आपल्या घरांतल्या बहुतेक वडीलधाऱ्या बायकांची ओळख अशीच दुसऱ्याच्या नावाने होते. म्हणून आम्हांला वाटले, शौकत आपांची आठवण त्यांच्याच नावाने एकदा सविस्तर काढावी.

उर्दूच्या शहरातले बालपण

शौकत आपांचे कुटुंब मूळचे उत्तर प्रदेशकडचे. वालिद निजामाच्या हैदराबाद संस्थानात अबकारी खात्यात अधिकारी होते. त्या काळी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे त्याच संस्थानातले मोठे शहर होते. शौकत आपा इथे वाढल्या.

ते औरंगाबाद कसे होते, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. वली आणि सिराज या दोन जुन्या शायरांचे हे शहर. 'बाबा-ए-उर्दू' मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार कित्येक वर्षे इथूनच चालवला. अंजुमनचे 'उर्दू' हे त्रैमासिक 1921 साली इथूनच निघू लागले. जवळच्या वैजापूरचे सिकंदर अली वज्द अजिंठा-वेरूळच्या लेण्यांवर नज्मा लिहीत होते. हिमरूच्या मागांवर सुती ताणा आणि रेशमी बाण्यातून वेलबुट्टी उमटत होती. शायरी, कापड आणि रंग ही इथे श्रीमंतांची चैन नव्हती, रोजच्या बोलण्यात आणि पेहरावात मिसळलेली गोष्ट होती.

वालिद मोकळ्या विचारांचे होते. मुलींनी शिकावे, चार माणसांत बोलावे, स्वतःचे मत सांगावे, असे त्यांना वाटे. आजूबाजूच्या घरांत पडदा कडक असताना त्यांनी आपल्या मुलींना शाळेत पाठवले. शौकत आपांना लहानपणापासून रंगांचे वेड होते. त्यांच्या आत्मकथनात कपडे, दुपट्टे आणि रंग यांचे वर्णन इतके मन लावून येते की, वाचताना डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. नवऱ्याचे नाव, मुलीचे नाव, सिनेमा हे सगळे नंतर आले. त्याआधी एक मुलगी होती, तिला रंग कळत होते आणि ते कळणे तिच्या घराने वाया जाऊ दिले नाही.

एक मुशायरा आणि वालिदांचा निर्णय

फेब्रुवारी 1947. हैदराबादेत मुशायरा होता. मुंबईहून तरुण तरक्कीपसंद शायर आले होते, त्यांत कैफी आझमी होते, अली सरदार जाफरी होते. कैफींनी 'औरत' ही नज्म ऐकवली. स्त्रीने पुरुषाच्या मागे नव्हे तर खांद्याला खांदा लावून चालावे, असे सांगणारी ती नज्म. ऐकणाऱ्यांत शौकत होत्या.

मुशायरा संपल्यावर मुलींनी कैफींभोवती सही घेण्यासाठी गर्दी केली. शौकत मुद्दाम आधी सरदार जाफरींकडे गेल्या, नंतर कैफींपुढे वही धरली. कैफींनी इतरांच्या वहीत चांगले शेर लिहिले आणि यांच्या वहीत एक अगदीच फालतू ओळ लिहून दिली. का, म्हणून विचारले तेव्हा उत्तर मिळाले : तुम्ही आधी जाफरींकडे का गेलात? पुढे दोघांनीही ही गोष्ट हसत हसत अनेकदा सांगितली.

मग मुंबई आणि औरंगाबाद यांच्यामध्ये पत्रे सुरू झाली. घरात वादळ उठले. मुलगा कम्युनिस्ट, पूर्णवेळ कार्यकर्ता, कमाई जवळजवळ नाही, राहायला स्वतःचे घर नाही. कुठल्या आईला असा जावई पटेल? त्या वेळी वालिदांनी जे केले ते आजही फार कमी बाप करतील. ते लेकीला घेऊन मुंबईला गेले. ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचे आहे तो राहतो कसा, खातो काय, हे तिने आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि मग बोलावे, असा त्यांचा विचार होता.

शौकत यांनी पाहिले. पार्टीच्या कम्यूनमधली एक खोली, सैल झालेली खाट, एक खुर्ची, छोटे टेबल, पुस्तकांचा आणि वर्तमानपत्रांचा ढीग. वालिदांनी विचारले, आता काय म्हणतेस? लेकीचे म्हणणे असे होते की, हा माणूस मजूर असता आणि मला त्याच्याबरोबर मातीची टोपली डोक्यावर घ्यावी लागली असती, तरी मी याच्याशीच लग्न केले असते. 23 मे 1947 रोजी मुंबईत, लेखक सज्जाद जहीर यांच्या घरी, निकाह झाला. वालिद हजर होते. घरी परतल्यावर नातेवाइकांच्या रागाला तोंड त्यांनाच द्यायचे होते आणि ते त्यांनी दिले.

मुलीच्या रजामंदीशिवाय निकाह होत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. पण रजामंदी म्हणजे ऐन वेळी विचारलेला प्रश्न आणि खाली मान घालून दिलेला होकार, एवढाच तिचा अर्थ आपण करून ठेवला. औरंगाबादच्या या बापाने तिचा पूर्ण अर्थ केला. आधी दाखवले, मग विचारले, आणि मुलीचे उत्तर आपल्या मनाविरुद्ध जाऊ शकते हे ठाऊक असून विचारले. शौकत आपांच्या पुढच्या सगळ्या धाडसामागे हा एक प्रवास आहे, असे आम्हांला वाटते.

चाळीस रुपयांचा संसार

कैफी आपली कमाई पार्टीला देत आणि घरखर्चासाठी त्यांना महिन्याला 40 रुपये मिळत. पुढे हे जोडपे मुंबईच्या खेतवाडीतल्या 'रेड फ्लॅग हॉल'मध्ये राहायला आले. नाव मोठे, पण राहणे असे : आठ कुटुंबे, प्रत्येकाला एक खोली, सगळ्यांत मिळून एकच न्हाणीघर. बाल्कनीत स्वयंपाक. कुणी गुजराती, कुणी मराठी, कुणी उत्तरेकडचे. एकाच्या घरचा सण आठही घरांत साजरा होई.

निजामाच्या अधिकाऱ्याच्या घरातून आलेल्या मुलीला हे जड गेले नसेल, असे नाही. पण त्या खोलीला त्यांनी घर केले. पैसा नसताना घर देखणे ठेवणे ही शौकत आपांची खासियत होती आणि शबाना आझमी आपल्या आईच्या या नजरेचे ऋण वारंवार सांगतात. एखादी स्वस्तातली चादर, रंग साधून लावलेला पडदा, कोपऱ्यात ठेवलेले मातीचे भांडे. आपल्या शहरातल्या जुन्या घरांत हे पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही. माजघरात दोनच पेट्या आणि एक पलंग, पण पलंगावरची रजई अशी की, पाहुणा आधी तिच्याकडे पाहणार.

पहिले मूल झाले, मुलगा. नाव ठेवले खय्याम. वर्षाच्या आतच तो गेला. पुन्हा दिवस राहिले तेव्हा परिस्थिती आणखी बिकट होती. कैफी भूमिगत, हातात पैसा नाही. हे मूल नको, असे पार्टीतल्या सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. शौकत यांनी ते मानले नाही. त्या हैदराबादला माहेरी गेल्या आणि 18 सप्टेंबर 1950 रोजी मुलगी झाली. तिला घरात कितीतरी वर्षे 'मुन्नी'च म्हणत. शबाना हे नाव तिला पुढे सरदार जाफरींनी दिले. नंतर मुलगा झाला, तो बाबा आझमी, नावाजलेला छायालेखक.

पार्टीचे तेव्हाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनी लग्नानंतर थोड्याच दिवसांत शौकत यांना विचारले होते, दिवसभर काय करता? काहीच नाही, असे त्या म्हणाल्या. त्यावर जोशींनी समजावले की, कार्यकर्त्याच्या बायकोने रिकामे बसू नये, नवऱ्याबरोबर कमवावे आणि मुले झाली की त्यांना चांगले नागरिक करावे. त्यांनी हे मनावर घेतले. रेडिओवर नाटकांत आवाज दिला. आवाज चांगला होता, उर्दू घरची होती, शब्द तोंडात घोळवायची सवय औरंगाबादेतच लागली होती. हौस म्हणून जपलेली गोष्ट आता चूल पेटवू लागली.

पाठीवर मूल, तोंडात संवाद

त्यांनी 'इप्टा'च्या नाटकांत काम सुरू केले. सुरुवातीच्या नाटकांपैकी एक होते इस्मत चुगताई यांचे 'धानी बांकें'. धानी म्हणजे कोवळ्या भाताच्या रोपाचा हिरवा रंग आणि बांकें म्हणजे बांगड्या. दंगलीच्या आगीत होरपळणाऱ्या हिंदू आणि मुस्लिम बायकांचे ते नाटक. फाळणीच्या काळात मुंबईत असे नाटक उभे करणे ही काही करमणूक नव्हती.

मग पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटरमध्ये नोकरी लागली. ही कंपनी गावोगाव फिरे, आगगाडीने सगळा संच जाई. शौकत आपा तान्ह्या मुलीला बरोबर घेऊन फिरल्या. शबाना सांगतात की, त्या चार महिन्यांच्या असल्यापासून आईच्या पाठीवर बांधलेल्या अवस्थेत रंगमंचाच्या आसपास वाढल्या. आमच्या भागात शेतमजूर बाई मूल झोळीत टाकून कापूस वेचते. तसेच हे होते. फरक एवढाच की, झोळी विंगेत होती.

शबाना यांनी सांगितलेली एक आठवण प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे. त्या नऊएक वर्षांच्या असतील. आई 'पगली' नावाच्या नाटकाची तयारी करत होती. वेगळा वेळ मिळत नसे, म्हणून घरकाम करता करताच ती संवाद म्हणे. धोबी आला की त्याच्यासमोर, स्वयंपाकघरात भांडी खळखळत असताना, अचानक वेडीचे हसणे, वेडीचे रडणे. लहान मुलीला वाटले, अम्मी खरोखरच वेडी झाली. ती रडू लागली. कैफी लिहीत बसले होते. त्यांनी लेखणी ठेवली, मुलीला समुद्रावर लांब फिरायला नेले आणि समजावले : अम्मीला तालमीला वेळ फार कमी मिळतो. आपण घरच्यांनी तिला मदत करायची, अडथळा आणायचा नाही. नाहीतर तिला बक्षीस कसे मिळणार? त्या दिवसापासून आईचे नवे काम म्हणजे सगळ्या घराचे काम झाले.

आपल्याकडे बाप लिहीत असेल, अभ्यास करत असेल किंवा नुसता हिशेब मांडत असेल, तर आई मुलांना दटावते : 'चूप बसा, अब्बा काम करत आहेत.' 'चूप बसा, अम्मीचे काम चालू आहे' असे मुलांना सांगणारा बाप आपल्या किती घरांत आहे? मरहूम कैफींनी मोठमोठ्या नज्मा लिहिल्या, पण त्या संध्याकाळी त्यांनी लेखणी खाली ठेवली, ही गोष्ट आम्हांला त्यांच्या नज्मांइतकीच मोलाची वाटते.

नाटक-सिनेमा हा विषय आपल्या कित्येक घरांत आजही पटणारा नाही, याची आम्हांला जाणीव आहे. कम्युनिस्ट विचारांबद्दलही तेच. शौकत आपांच्या प्रत्येक निवडीशी सहमत व्हावे, असे आम्ही कुणालाही म्हणणार नाही. पण कष्टाने कमावणे, मुलांना ताठ मानेने वाढवणे, नवऱ्याच्या हलाखीत त्याची साथ न सोडणे आणि आपल्या हातातले हुनर मरू न देणे, या गोष्टींना तर कुणाची हरकत नसावी.

पडद्यावरच्या घरधनिणी

शौकत आपा सिनेमात फार दिसल्या नाहीत, पण दिसल्या तेव्हा लक्षात राहिल्या. त्यांच्या बहुतेक भूमिका घर चालवणाऱ्या बायकांच्या होत्या. कधी अब्रूदार घर, कधी बदनाम घर.

एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा' (1973) मध्ये त्या जमीला झाल्या. आग्र्याचे जोडे बनवणारे सलीम मिर्झा, म्हणजे बलराज साहनी, यांची बायको. कथा इस्मत चुगताई यांची, पटकथा कैफी आणि शमा जैदी यांची. फाळणीनंतर एकेक नातेवाईक पाकिस्तानला जातो, हवेली हातची जाते, मुलगी गमावली जाते, आणि जमीला भांडी-कुंडी आवरत, चिडत, रडत घर धरून ठेवते. आमच्या मराठवाड्यातल्या घरांना हा सिनेमा परका वाटत नाही. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर इथल्याही कित्येक कुटुंबांत जावे की राहावे, हा प्रश्न रात्र-रात्र चर्चिला गेला. जे राहिले त्यांची घरे कुणी सांभाळली? इतिहासाच्या पुस्तकांत त्या बायकांची नावे नाहीत. जमीलाच्या चेहऱ्यावर त्या थोड्या दिसतात.

मुजफ्फर अली यांच्या 'उमराव जान' (1981) मध्ये त्या खानम जान झाल्या, कोठ्याची मालकीण. तहजीब, नजाकत आणि व्यवहार यांची सरमिसळ त्यांनी अशी दाखवली की, प्रेक्षकाला तिचा राग येतो आणि तिच्या रुबाबापुढे मानही झुकते. सागर सरहदी यांच्या 'बाजार' (1982) मध्ये त्या हज्जन बी होत्या. गरीब घरच्या कोवळ्या मुलींची आखातातल्या पैसेवाल्यांशी लग्ने लावून देण्याचा जो बाजार हैदराबादेत मांडला गेला, त्यावर हा सिनेमा आहे. आपल्या समाजाची ही जखम होती. ती झाकायला सांगणारेही पुष्कळ होते. हैदराबाद संस्थानातच वाढलेल्या या बाईने ती भूमिका करून जखम उघडी केली. मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे!' (1988) मध्ये कामाठीपुऱ्यातल्या घरवालीची भूमिका त्यांनी केली. 2002 च्या 'साथिया'मध्येही त्या दिसल्या.

चांगल्या घरची बाई अशा भूमिका का करते, असे कुणी विचारेल. पण दुसऱ्या बाईची अवस्था तिच्या जागी उभे राहून पाहणे, हे घर चालवणाऱ्या बाईला रोजच करावे लागते. सुनेची, मोलकरणीची, शेजारणीची बाजू समजून घेतल्याशिवाय घर चालत नाही. शौकत आपांनी तेच पडद्यावर केले.

भरलेले घर

खेतवाडीनंतर हे कुटुंब जुहूच्या जानकी कुटीरमध्ये आले. तिथले घर लेखक, शायर, नट, कार्यकर्ते आणि गरजू यांच्यासाठी उघडेच असे. ईद तर असेच, दिवाळी आणि होळीही असे. मुलीने एफटीआयआयमध्ये शिकून नाव काढले. मुलाने मराठी घरातली सून आणली. अभिनेत्री तन्वी आझमी या ज्येष्ठ अभिनेत्री उषा किरण यांच्या कन्या. उर्दू आणि मराठी अशा दोन जबानी एका घरात नांदल्या. औरंगाबादेत वाढलेल्या सासूला मराठीचा आवाज नवा नव्हता. गुलमंडीत तर ग्राहक एका भाषेत भाव विचारतो आणि दुकानदार दुसरीत सांगतो.

फेब्रुवारी 1973 मध्ये कैफींना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात आणि पाय निकामी झाला. त्यानंतर ते एकोणतीस वर्षे जगले, 10 मे 2002 पर्यंत. त्या काळात त्यांनी लिहिले, प्रवास केले, आझमगड जिल्ह्यातल्या मिजवाँ या आपल्या जन्मगावी रस्ता, शाळा यांसाठी खटपट केली. 1993 साली मिजवाँ वेल्फेअर सोसायटी सुरू झाली आणि त्या गावच्या मुली-बायका चिकनकारीचे भरतकाम करून कमवू लागल्या. ज्याचे निम्मे अंग चालत नाही असा माणूस एवढे करतो, तेव्हा त्याच्यामागे कुणाचे तरी दोन हात रात्रंदिवस चालत असतात. ते हात शौकत आपांचे होते. औषधाच्या वेळा, जेवण, पाहुणे, प्रवासाची तयारी आणि मधूनमधून स्वतःचे काम. पक्षाघाताचा रुग्ण ज्यांच्या घरात आहे, त्यांना एकोणतीस वर्षे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

आणि त्यांनी लिहिले

घर, रंगमंच, पडदा यांशिवाय शौकत आपांनी आणखी एक काम केले. आमच्या मते त्यांच्या सगळ्या कामांत ते सर्वांत मोठे आहे. त्यांनी आपली कहाणी स्वतः लिहिली. 'याद की रहगुजर' हे त्यांचे उर्दू आत्मकथन. नसरीन रहमान यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर 2010 साली प्रसिद्ध झाले. त्याआधीच, 2006 मध्ये, जावेद अख्तर यांनी 'कैफी और मैं' हा रंगमंचीय प्रयोग त्यावरून बेतला. त्यात स्वतः जावेद साहेब कैफींचे शब्द वाचत आणि शबाना आपल्या आईचे. मुलीने आईच्या तोंडून बोलावे आणि आईने समोर बसून ऐकावे, असे भाग्य किती आयांना मिळते?

त्या पुस्तकात मोठे तत्त्वज्ञान नाही. घर आहे, कपडे आहेत, भांडणे आहेत, मेलेले मूल आहे, प्रेम आहे, उधारी आहे. एका मोठ्या शायराच्या संसाराचा हिशेब त्याच्या बायकोने ठेवला आणि तो खरा ठेवला. शौकत आपांनी लिहिले नसते तर औरंगाबादची ती पत्रे, वालिदांबरोबरचा तो मुंबईचा प्रवास, कम्यूनमधली ती खोली, यातले आज आपल्याला काय कळले असते? कैफींच्या चरित्रात दोन ओळी आल्या असत्या : पत्नीची साथ लाभली, पत्नीने सेवा केली.

आपल्या घरांत नेमके असेच होते. दादी जाते. चाळीसाव्यापर्यंत तिच्या बिर्याणीची, तिच्या हातच्या शीरखुर्म्याची, तिने भरलेल्या उशीच्या अभ्र्यांची आठवण निघते. मग पेटी उघडली जाते. त्यात अर्धवट विणलेली लेस, जुन्या हिमरूचा तुकडा, लग्नातल्या ढोलकीच्या गाण्यांची वही, उर्दू लिपीतली. नातवंडांना ती लिपी वाचता येत नाही. वही रद्दीत जाते. ऐंशी-नव्वद वर्षांचे एक हुनर तिच्याबरोबर मातीआड होते आणि आपण म्हणतो, बाई फार हौशी होती.

म्हणून आमची वाचकांना एक विनंती आहे. घरात वय झालेली दादी, नानी, खाला, फुफी असेल तर पुढच्या जुम्याच्या दुपारी तिच्याजवळ बसा. मोबाइल रेकॉर्डिंगवर टाका आणि विचारा. पहिला दुपट्टा कुणी रंगवून दिला? लग्नात कुठली गाणी गायली, आणि ती कुणी शिकवली? हा टाका कुठला, याला काय म्हणतात? शिकायचे होते ते राहिले का, आणि कुणी अडवले? 1948 साली घरात काय बोलणे झाले, हे तुझ्या अम्मीने तुला सांगितले होते का? अब्बांना नोकरी नव्हती तेव्हा घर कसे चालवलेस? ती आधी म्हणेल, 'जाऊ दे गं, माझे काय सांगायचे.' पुन्हा विचारा. वही असेल तर मशिदीच्या मौलानांकडून किंवा शाळेतल्या उर्दूच्या बाईंकडून वाचून घ्या आणि देवनागरीत उतरवून ठेवा. सून आणि मुलगी दोघींनी मिळून हे काम केले तर फारच उत्तम. आणि तिच्या हातात अजून सुई धरण्याचे बळ असेल, तर नातीला शेजारी बसवा. सांगून कळत नाही ते पाहून कळते.

मुलांनो, तुम्हांलाही एक सांगणे. आई एखादी गोष्ट शिकत असेल, लिहीत असेल, शिवत असेल किंवा मोहल्ल्यातल्या मुलींना कुराण शिकवायला जात असेल, तर त्या वेळेत तिला हाक मारू नका. चहा स्वतः करून घ्या, तिलाही द्या.

शौकत आपांना मोठे घराणे, मोठा शायर नवरा, नामवंत मुले मिळाली म्हणून त्यांचे नाव राहिले, असे कुणी म्हणेल. थोडे खरे आहे. पण त्यांच्या वालिदांकडे घराणे आणि सरकारी हुद्दा याशिवाय जे होते ते प्रत्येक बापाकडे असू शकते : मुलीवर विश्वास. कैफींकडे शायरीशिवाय जे होते ते प्रत्येक नवऱ्याकडे असू शकते : बायकोच्या कामाची कदर. आणि शौकत आपांकडे जे होते ते आमच्या गुलमंडीत, रंगार गल्लीत, शहागंजात, किराडपुऱ्यात प्रत्येक तिसऱ्या घरात आज या क्षणी चुलीपाशी बसलेले आहे. त्याला नाव देणे तेवढे बाकी आहे.

अल्लाह मरहूमा शौकत आपांची मगफिरत करो आणि आमच्या घरांतल्या सगळ्या हुन्नरी हातांना लांब उमर देवो. आमीन.